घरातल्या घरात

निळी वायर जिन्यावरून खाली आणली.
बाबांच्या खोलीचं दार आता नीट लागत नाही,
फटीत वायर आहे. "राहू दे उघडं," म्हणाले,
"काय आत-बाहेर जातंय ते तरी कळेल."

वरच्या खोलीत जुना कॉम्प्युटर,
पंखा घरघरतो, डिस्क काठोकाठ,
पण पूर्ण वही आहे त्याच्याकडे,
पहिल्या पानापासून.
खाली बाबांच्या कपाटावर नवा,
जेवणाच्या डब्याएवढा, कोरा.
बाहेरून मागवली असती वही
तर महिन्याचा नेट दुसऱ्याच दिवशी संपला असता.
म्हणून फाईलमध्ये एक ओळ लिहिली:
फक्त याच्याशी बोल.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सतरा.
जेल रोडवरच्या आमच्या घराबाहेर
या पत्त्यावर आम्हाला कोणी शोधू शकणार नाही.

"कसली वही?" बिटकॉइनची, म्हटलं.
"म्हणजे बिटकोचं नाणं," बाबा म्हणाले
आणि चौकाच्या नावावर स्वतःच हसले.

एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये.
छापलेला ताव उजेडाकडे धरायचा,
शाई पसरली, आकडा सरकला, की लाल पेन्सिल.
अजून पेपरही तसाच धरतात.

"भावाकडूनच घेतोय ना हा? मग इतका वेळ कशाला?"
घेतो, पण मानत नाही, मी सांगितलं.
एकेक पान उघडतो, एकेक सही बघतो,
मागच्या पानाचा ठसा पुढच्यावर आहे का बघतो.
एक चुकलं तरी वरच्याला दारातूनच परत.

बाबा बराच वेळ गप्प.
मग, "आमच्या सेक्शनच्या दारावर पगारे असायचा.
माझा साडू. लग्नाकार्यात एका पंगतीत बसायचो.
रोज पाळी सुटली की खिसे उलटे करायला लावायचा,
चपलेचा तळसुद्धा.
का म्हणून मी कधी विचारलं नाही.
एखाद्या दिवशी सोडलं असतं, तर विचारलं असतं."

पहिली वर्षं भुर्रकन गेली, पानं जवळजवळ रिकामी.
माझं दहावीचं वर्ष
भाकरी उलटायला लागतो तेवढ्यात.
पुढे पानं जड होत गेली. आकडा सरकेना.
शनिवारी वीज गेली, दोन तास;
आली तेव्हा थांबला होता त्याच्या जरा मागूनच
त्यानं पुन्हा सुरुवात केली.
"शहाणा आहे," बाबा म्हणाले. "गड्डी हातातून सुटली
की आम्हीही पहिल्यापासून मोजायचो."

रात्री पावणेदोनला तारीख आली: नोव्हेंबर, सोळा.
बाबा खुर्ची ओढून बसलेले.
"थांबवता येतं का हे?"
"का?"
"काही नाही. चालू दे."

त्या महिन्यात बाबांना रविवार नव्हता.
नव्या पाचशेचे ताव, पाळीला लागून पाळी.
आणि मी बिटको चौकात एटीएमच्या रांगेत,
आईच्या डायलिसिसचे पैसे काढायला.
मशीन रिकामं झालं तेव्हा
माझ्यापुढे चाळीस माणसं उरली होती.
बाबा घरी आले, हातांना कोऱ्या शाईचा वास,
आणि डब्यात जुन्याच नोटा, कोणी घेईना अशा.
हे आम्ही तेव्हा बोललो नाही.
नंतर आईच नव्हती.

कपाटावरचा दिवा लुकलुकत राहिला,
तो महिना तपासत.

"बरोबर निघाला?"
"बरोबर."
"हं."

मंगळवारी दुपारी वरचा आकडा आणि खालचा आकडा
एक झाले. आता दर दहा मिनिटांनी एकच पान,
कधी दोन मिनिटांत, कधी चाळीस.
बाबांनी चहा टाकला, घड्याळ पुढ्यात घेऊन बसले.
"लेट आहे आज," म्हणाले,
पाळीवर उशिरा येणाऱ्याबद्दल म्हणावं तसं.
पान आलं तेव्हा मी अंघोळीला होते.
दारावर थाप. "वृंदा,
आलं गं. मी बघितलंय तपासून."