एकच डेल्टा

तार्तूत डिसेंबर म्हणजे साडेतीनलाच संध्याकाळ.
वसतिगृहात हीटरवर मोजे वाळतायत
आणि माझ्या वहीत एप्सिलॉन, उलट्या तिनासारखा,
मी काढते तो नेहमी जरा मागे रेललेला.

"दिलेल्या प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा असतो की"
हे वाक्य मला येतं,
अंधारात कुलूप उघडता यावं तसं.
आत काय आहे ते मात्र दिसत नाही.

ऊल्ले सरावाचे तास घेते.
माझ्या उत्तराखाली तिने एवढंच लिहिलं:
कोणता डेल्टा? कोणाचा?
सहापैकी एक गुण. तोही बहुधा अक्षराचा.

आणि मला वाटायचं, गणित म्हणजे माझ्या हातचा मळ!
बेटावरच्या शाळेत मी फळ्यापाशी
अवकलनं करायचे भराभर, मटार सोलावेत तशी.
इथे पहिला आठवडा
शून्यापेक्षा एक मोठा, हे सिद्ध करण्यात गेला.
आईला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, "मग? आहे का?"

फेब्रुवारीत घरी गेले तेव्हा समुद्र गोठला होता,
कितीतरी वर्षांनी.
इस्सी रस्तेखात्यात. बर्फावर मोटारी सोडायच्या की नाही
हे ठरवणाऱ्या चौघांतले एक.
मला बरोबर घेतलं. गिरमिट, मोजपट्टी, थर्मासात कॉफी.
भोक पाडायचं. खाली काळं पाणी.
पट्टी आत, कडेला नख टेकवून वर.
"एकतीस."
"अठ्ठावीस."
"तीस, लिही."

मी म्हटलं, एकतीस आहे, म्हणजे इथे गाडी चालेल.
"इथे चालेल," ते म्हणाले,
"पण गाडी इथे उभी राहायला येत नाही.
मला पाटीवर एकच आकडा लिहायचा असतो,
या काठापासून त्या काठापर्यंत
कुठेच खोटा न पडणारा."

मी पेन्सिल तोंडातून काढली.
कोणाचा, असं ऊल्लेने विचारलं होतं.
मी दर बिंदूला त्याचा त्याचा डेल्टा देत आले होते,
पाऊल पुढे टाकलं की बदलणारा.
तिला हवा होता सगळ्यांचा मिळून एक.

"आणि दोन भोकांच्या मधे?"
इस्सी हसले नाहीत.
"बर्फ एकदम उडी मारत नाही.
मारतो तिथे भेग असते, आणि ती ऐकू येते.
फक्त काठ सोडायचे नाहीत.
लोक मधलं मोजतात आणि कडेला बुडतात."

दोन्ही टोकं धरून. संवृत अंतराल.
प्रमेयातली ही अट मला आजवर
अर्जावरच्या शिक्क्यासारखी वाटायची,
नसली तर कारकून परत पाठवेल, इतकीच.

पाटीवर त्यांनी सगळ्यात लहान आकडा घेतला,
त्यातूनही तीन वजा केले. हातचा राखून.
गुरुवारी रस्ता उघडला.
मी शेजारच्या आर्व्होच्या व्हॅनमधून पलीकडे गेले,
पट्टा न लावता, खिडकी उघडी ठेवून, नियमच तसा आहे.
सहा दिवसांनी वारा फिरला आणि पाटी काढली.

फेरपरीक्षेत पास झाले. जेमतेम.
अजूनही सिद्धता लिहिताना चौथ्या-पाचव्या ओळीला
काहीतरी खचतं.
पूर्वी मी तशीच पुढे जायचे, वेगात.
आता पेन खाली ठेवते
आणि ऐकते.