मिठाच्या मापाची वाट

रिळकोटच्या वर, गोरी नदी जिथं
दिसत नाही, नुसती ऐकू येते,
तिथं मामा दरड उपसतोय.
रात्रीतून पन्नास पावलं वाट नदीत गेली.

सॅक उतरवून एक पाहुणा विचारतो,
ही वाट कुणी आखली?
मामा, म्हणजे हयातसिंग, फावडं थांबवत नाही.
मेंढ्यांनी, म्हणतो.
पाहुण्याला हसू येतं.

पाठीच्या दोन्ही अंगांना करबछ,
एकेका थैलीत पाच पाच शेर मीठ,
हूणदेशातल्या तळ्याचं, करड्या खड्यांचं.
अशी भरली मेंढी कड्याला न घासता जाईल
तेवढी रुंद वाट.
जिथं तिचा दम तुटे, तिथं वळण.
जिथं ती बसूनच राही, तिथं पडाव;
पुढे तिथं घरं झाली, नावं पडली,
लग्नं जुळली, भांडणं तर अजून चालू आहेत.
माणूस मागून चालला, शीळ घालत,
लोकर कातत, आपणच नेतोय असं समजत.

मग एका हिवाळ्याच्या तोंडावर खिंडीत शिपाई बसले.
मीठ खालून यायला लागलं, पांढरं, पुडीतलं.
मेंढ्या विकल्या. आमच्या घरची करबछ
मांजरीनं व्यायला घेतली.

तरी दरडीनंतर मामा हात लावून माप घेतो:
कोपरापासून बोटांपर्यंत दोनदा, वर एक वीत.
ठेकेदार म्हणतो, एवढी कशाला?
ट्रेकवाले एकामागे एक जातात.
मामा ऐकतो आणि वीतभर जास्तच खणतो.

गेल्या जेठात खीमुलीला कळा लागल्या, मूल आडवं.
खुर्ची दोरानं पाठीला बांधून
आम्ही चौघं आळीपाळीनं उतरलो.
लास्पाच्या कड्याला वळताना तिचे गुडघे
खडकाला टेकता टेकता राहिले.
वीतभर जागा होती.
मुलगी झाली. मुनस्यारीच्या रस्त्यावर, जीपमध्ये.

यातलं मामा पाहुण्याला काही सांगत नाही.
एक दगड दाखवतो फक्त, पडावाजवळचा,
मधोमध वाटीसारखा खोल गेलेला.
थैल्या इथं टेकवायचे.
साठ वर्षं झाली, पण बर्फ वितळलं की
रानातले भरल अजून खाली येतात,
पहाटे, कुणी नसताना,
आणि तो दगड चाटतात.

पाहुणा वाकतो. इकडेतिकडे बघतो.
बोट ओलं करून दगडाला लावतो, जिभेवर ठेवतो.

काय लागलं? मामा विचारतो,
आणि पुन्हा फावडं उचलतो.