काळीत बारा व्होल्ट

अंबडला एक्स्लो पॉइंटच्या मागे माझी शेड.
आत दोन सीटची एमजी, पासष्टची.
इंजिन एस्टीमचं, सीट कुठल्याशा सिएलोच्या,
हॉर्न ट्रकचा.
डॉक्टर अमृतकरांनी देवळालीतून उचलली.
म्हणाले, एवढ्या वायरी लागतात कुठं?
उरतंय ते कापून टाका.

उरतंय म्हणजे नेमकं काय
हे कळायलाच चार रविवार गेले.

तपकिरी थेट बॅटरीची.
हिरवी किल्ली फिरवल्यावर जागी होते.
निळी मोठ्या दिव्यांची, लाल लहान दिव्यांची,
काळी बॉडीला.
हे झालं कंपनीचं व्याकरण.
पुढं गाडी ज्याच्या त्याच्या बोलीत बोलायला लागली:
हिरवी संपली तिथं टीव्हीची केबल,
एका जोडावर दवाखान्याची चिकटपट्टी,
एका फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
मी काही बोलले नाही.
दिवाळीच्या आदल्या रात्री, गिऱ्हाईक दारात उभं असताना,
मीही एकदा हेच केलंय.

मग स्टिअरिंगच्या नळीमागून एक जुडी निघाली.
मेणाचा दोरा, बोटाबोटावर गाठ,
आणि एकही गाठ दुसरीहून वेगळी नाही.
मोनाली सातपूरच्या आयटीआयची, दुसऱ्या वर्षाची.
म्हणाली, मशिनवर बांधलीय का ही?
म्हटलं, नाही गं, हा माणूस ओझरचा.
विमानाच्या पोटात हात घालून रिटायर झालेला
आणि मग घरी करमेना म्हणून मोटारी करणारा.
अशी गाठ माझ्या सासऱ्यांच्या डब्याच्या पिशवीला असायची.
ते हेच, असं मी म्हणत नाही.
तिथं शेकडो माणसं अशीच गाठ मारत.

पिवळी लवकर सुटली. जुन्या गिअरबॉक्सच्या ओव्हरड्राइव्हची.
गिअरबॉक्स कधीच भंगारात गेला,
बटण मात्र डॅशवर आहे अजून,
आणि दाबलं की पिवळी इमानानं खाली निरोप नेते,
जिथं घ्यायला कुणी नाही.
ती कापली.

पण काळी.
जुडीतली एकच काळी, डॅशच्या मधोमध येऊन थांबलेली,
टोकाला सायकलच्या ट्यूबची टोपी.
टोपी काढली, सवयीनं बॉडीला टेकवायला गेले,
तर ठिणगी.
मीटर लावला. काळीत बारा व्होल्ट.
मोनाली म्हणाली, ताई, मीटर बिघडला.
दुसरा आणला. बारा.
अर्थ लागेना. म्हणजे दोन्ही अर्थांनी.

तिसऱ्या रविवारी चहा पिताना
त्या जागेतली चार भोकं दिसली, प्रत्येकात रबराचा वायसर,
आणि मी कप बोनेटवरच ठेवला.

पासष्टमध्ये या गाडीच्या बॉडीला धन होतं.
तिकडची तशी पद्धत.
पुढं कुणीतरी बॅटरी फिरवली, बॉडीला ऋण आलं,
सगळ्या गाडीचा अर्थ उलटा झाला.
सगळं निमूट फिरलं. एक रेडिओ फिरेना.
दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, टाका आणि नवा घ्या.
ओझरच्या माणसानं रेडिओ रबरावर उचलून धरला,
पत्र्याला पत्रा शिवू दिला नाही,
आणि त्या वीतभर खोक्यापुरता
जुनाच अर्थ चालू ठेवला.

कुणासाठी, कुठलं स्टेशन, ते वायरीत येत नाही.
रेडिओही नाही आता.

एक गुलाबी राहिलीय, डिकीकडे जाते.
तिचं मला अजून माहीत नाही.

काळीचा फ्यूज काढला, टोपी परत घातली,
पुठ्ठ्याचा तुकडा कापून बॉलपेननं लिहिलं:
काळी आहे, पण बॉडीला लावू नये.
रेडिओची. रेडिओ नाही. फ्यूज ॲशट्रेत.
तो दोऱ्यानं बांधला. गाठ दोनदा सुटली,
तिसऱ्यांदा बसली, वाकडी, पण बसली.

डॉक्टर संध्याकाळी आले.
सांगितलं, कापलं सगळं.