उंबऱ्यातले खिळे

घणसोलीतलं घर पाडलं तेव्हा
उंबऱ्याच्या फळीत चार खिळे निघाले,
बोटभर लांब, गंजून फुगलेले.
फळी दुभंगली तरी ते सुटेनात.
मुकादम म्हणाला, भंगारात टाकतो.
पोशाकाका खुर्चीतून अर्धवट उठले:
"टाकू नको रं. फशीचं खिलं हान ते."

फशी.
सातबाऱ्यावर नाही, कुठल्या कागदावर नाही,
आणि तिच्यानंतर आमच्यात
कुणी मुलीला हे नाव ठेवलेलं नाही.

हाल्याशी लग्न होऊन ती आली
तेव्हा गाव इथेच संपत होतं.
पुढे तिवरं, मग चिखल,
मग दिवसातून दोनदा घरी आल्यासारखी येणारी खाडी.
सरकारचा कौल होता: बांध घालील
त्याला काही वर्षं सारा माफ.
म्हणून हाल्या, त्याचे दोन भाऊ आणि ती
मांडीपर्यंत चिखलात उतरले
आणि समुद्राला म्हणाले, जरा सरक.

बांध म्हणजे नुसत्या टोपल्या.
चिखल, पेंढा, चिखल, दगड, पुन्हा चिखल.
डोक्यावरून निथळलेलं पाणी तिच्या तोंडावर वाळायचं.
पोरं तिचा गाल चाटायची म्हणे,
मिठासाठी.

तीन पावसाळे जमिनीतलं मीठ धूत राहिले.
चौथ्या वर्षी राता पिकला. तांबडा, बुटका,
एकूण दोन पायल्या.
त्यातला मूठभर तिने खाडीत सोडला.
हिशोबाला चोख होती.

नऊ वर्षांत पाच बाळंतपणं.
दोन मुलगे जगले.
दोघं बांधाच्या पोटाशी पुरली,
भरतीला भिजत नाही अशी
जमीनच तेवढी होती.
पाचवी मुलगी, भाद्रपदात,
भात फुलोऱ्यावर असताना.

मुलीच्या पाचवीला एक रात्र बाकी होती.
सटवाई अजून काही लिहायला आली नव्हती.
सर्वपित्रीचं उधाण.
कुणीतरी बांधावरून ओरडलं,
"पानी आयलं गो!"
उघाडीशेजारी खांड पडली होती.
बाळंतीण उठली.
आपली आपण उठली, की तिला उठवली,
हे विचारलं की काका गप्प बसतात.

कमरेएवढ्या पाण्यात
पेंढ्याच्या भाऱ्याला पाठ लावून
ओहोटी लागेपर्यंत ती उभी होती.
भात वाचलं.
ती सातव्या दिवशी तापात गेली,
सव्वीस वर्षांची, किंवा चोवीस.
भाताच्या पायल्या मोजल्या होत्या,
तिची वर्षं कुणी मोजली नव्हती.

बाळंतपणात गेलेली बाई
अळवंत होऊन मागे येते,
तिचं दूध आटलेलं नसतं म्हणून.
हाल्याने उंबऱ्यात चार खिळे ठोकले.
मसणापासून दारापर्यंत राळे फेकत आणले:
दाणे वेचत बसेल, तेवढ्यात उजाडेल.
नवमीला तिचं पान कधी वाढलं नाही.
आत अकरा दिवसांची मुलगी
शेजारच्या मंगळीला चाचपडत होती.
हाल्या त्या रात्री कुठे झोपला
ते काकांनाही माहीत नाही.

आता बांधाच्या जागी सिडकोचा तलाव आहे.
भरतीला लोखंडी झडपा मिटतात,
बाहेरून पाणी त्यांना ढकलत राहतं.
आमच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर सात मजले उठतायत.
संध्याकाळी मी तलावाकाठी चालायला जाते
आणि राळ्यांचा विचार करते.
ते वेचून तिने काय केलं असेल?
ओंजळीत भरून उभी राहिली असेल,
कुठे ओल आहे बघत.

परवा मिस्त्रीने नव्या उंबऱ्याचा ग्रॅनाइट आणला.
म्हणाला, ताई, खाली काही ठेवायचं का,
नाणं, तांब्याचा तुकडा,
लोक ठेवतात.
खिळे माझ्या पर्समध्येच होते, रुमालात.
म्हटलं, नको.
काही ठोकू नकोस, काही पुरू नकोस.
आणि दाराचं तोंड
खाडीकडेच ठेव.