पाचवा रकाना

दालकाउएच्या धक्क्यामागे बेचाळीस ट्रक उभे असतात आता,
दारांवर पांढऱ्या अक्षरांत: चिगुआय आणि मंडळी.
मंडळी म्हणजे सुरुवातीला दोन बैल होते,
कापितान आणि लुसेरो,
आणि एक शिडाची होडी, जी भरतीला निघायची
नि ओहोटीला चिखलात बसून वाट पाहायची
म्हाताऱ्या एलेओदोरोसारखीच, न कुरकुरता.

बेटावरून बटाटे, बेटावर पीठ.
एकदा शाळेचा पियानो, ताडपत्रीत गुंडाळून.
एकदा एक शवपेटी. पोचेतो आजारी माणूस उठून बसला होता.
ती त्याने परत नेली,
भाडं एकाच फेरीचं घेतलं.

हे मी पाहिलेलं नाही, वहीत वाचलंय.
एकतीस वर्षं इथे हिशेब लिहिते मी.
पहिली वही उघडली की अजून
धुरावलेल्या शिंपल्यांचा वास येतो.

वहीत रकाने पाच:
तारीख, माल, कुठून कुठे, रक्कम,
आणि पाचवा, ज्याला म्हाताऱ्याने नावच दिलं नाही.
त्यात आकडा नसतो.
"बार्रियाबाईंचं छप्पर. पोतंभर बटाटे दिले, नको म्हटलं तरी."
"फुटबॉलची पोरं केमचीला. हरली. येताना गप्प."
"विहिरी आटल्या. दवाखान्याला पाणी, अकरा दिवस."
"घर ओढलं. मिंगा."

मिंगा बाहेरच्याला समजावून सांगावी लागते.
शेताची इर्जिक असते, तशी ही घराची:
लाकडी घर जोत्यावरून सोडवायचं,
ओंडक्यांवर चढवायचं,
गावभरच्या बैलांनी टेकडीपार न्यायचं.
आत कपबशा किणकिणत असतात.
मोबदला म्हणजे संध्याकाळचं जेवण
आणि सफरचंदाची दारू, पाय डगमगेस्तोवर.

मग सालमन आला, पिंजऱ्यातला मासा.
ट्रकभर बर्फ, रात्री दोनची फेरी.
तीनाचे अठरा ट्रक झाले, अठराचे तीस.
म्हातारा गेला. ओर्फेलिना बापाच्या खुर्चीत बसली,
ती खुर्ची तिला मोठी व्हायची,
म्हणून खाली दोन जुन्या वह्या घेऊन बसायची.
ड्रायव्हर तिला घाबरत. मीही.

मग माशांना रोग लागला.
पिंजरे रिकामे, ट्रक उभे, चाकांखाली गवत.
बँकेचा माणूस बूट न काढता आत आला.
त्या हिवाळ्यात पगार झाले नाहीत चार महिने,
पण ड्रायव्हरांच्या दाराशी सकाळी
फोडलेली लाकडं असायची, बटाटे असायचे,
एकदा अख्खा डुकराचा पाय.
कोणी ठेवलं, कोणी सांगितलं नाही.
मी सगळं लिहिलं, पण उलट्या बाजूने,
पानाच्या पाठीवर.
येणं म्हणायचं की देणं, ते अजून ठरलेलं नाही.

परवा पुएर्तो मोंतहून एक पोरगा आला,
सगळ्या वह्या संगणकात चढवायला. हुशार आहे.
म्हणाला, या पाचव्या रकान्याचं काय करू?
जाहिरात लिहू? देणगी? बुडीत?
ओर्फेलिनाने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
मग म्हणाली, जेवलास का?

शनिवारी मास्तरीण नेल्दाचं घर हललं.
दरड कोसळायला आलेली, समुद्र पायरीशी.
आमचा नवा ट्रक तासात ओढून नेता ते,
पण म्हातारे ऐकेनात. बैल आले, सोळा जोड्या.
ट्रक मागून चालला, दिवे लावून, बैलाच्या गतीने,
आणि ड्रायव्हर वाल्देमार खिडकीतून सल्ले देत होता
जे कोणीच ऐकत नव्हतं.

रात्री मी नोंद केली.
माल: खाटा दोन, चूल एक, टोपलीत मांजर एक.
मांजर वाटेत उतरली.
सोमवारी जुन्या जागी सापडली,
जिथे घर नव्हतं, तिथेच दाराशी बसलेली.
आणखी एक फेरी.
रक्कम: