अर्ज, तीन प्रतींत

शुक्रवारी म्हापशाला, कोर्टाच्या पायऱ्यांशी
माझा टाइपरायटर. पानाला चार रुपये, कार्बनचे वेगळे.
ती आली तेव्हा पिशवीत मयड्याची केळी होती
आणि रंगूनच्या चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला,
घडीवर फाटलेला.

नाव? पियेदाद कुतिन्हो.
वय? एकाहत्तर.
वडिलांचा व्यवसाय? हॉटेलात कॉर्नेट वाजवायचे.
तुमचा?
ती केळ्याचा देठ खुडत बसली.
मग म्हणाली, बरय पुता,
आणि बाजारभाव सांगावा तशी सांगू लागली:

सतरावं वर्ष. ट्रक. ताडपत्रीखाली आम्ही नऊ जणी.
नदीकाठची शाळा. वर्गावर्गात चटया,
फळ्यावर कुणाची तरी बेरीज अर्धी राहिलेली.
दारावर आकडा. माझा सहा.
शिपाई रांगेत, हातात तिकीट.
माझ्या यंत्राचा 'र' अडकतो.
मी तो बोटाने सोडवत राहिलो.

वकिलाच्या नमुन्यात अशा बायकांसाठी
एक गोड शब्द होता, सुखाबिखाचा.
तो उमटवला, तिला वाचून दाखवला.
'कुणाचं सुख रे?'
खोडता खोडता कागदाला भोक पडलं.
त्याच्यावरच 'कैदी' टाइप केलं.

परत आल्यावर?
घरी सांगितलं, इस्पितळात कपडे धुवायचे.
पाद्रीला खरं सांगितलं.
त्याने प्रायश्चित्त दिलं, दहा तेर्स.
'केले मी. पन्नास वर्षं झाली,
अजून कळलं नाही, कुणाच्या वाटचे.'

मागणीच्या रकान्यात किती घालू?
पलीकडे चोरिसांच्या माळांवरून घासाघीस चाललेली.
'वकील सांगतो तो आकडा घाल. पैसे मला हवेत,
घराचे वासे गेलेत.
पण त्याच्या वर लिही:
सहा नंबरच्या खोलीत पियेदाद होती.
हे वाक्य त्यांनी त्यांच्या सहीने
परत पाठवावं.'

पंधरा रुपये झाले. मी नको म्हटलं.
ती चिडली. 'घे, आणि पावती दे. पुऱ्या नावाची.'

उत्तर नाही अजून.
ती दर शुक्रवारी येते, पत्राचं काढत नाही,
मागची केळी पिकली का, एवढंच विचारते.

तिसरी प्रत खणात आहे. कार्बनही टाकला नाही.
उजेडाला धरला की तिची ओळ न ओळ लागते.
फक्त जिथे मी खोडलं,
तिथे दोन शब्द एकमेकांवर चढलेत.
तेवढं मला वाचता येत नाही.