पांढर

सकाळी सातला, वारा उठायच्या आत,
तौफिक मुलाणी ड्रोन सोडतो.
येरळेच्या पात्रातले बगळे एकदा मान वर करतात
आणि पुन्हा आपापल्या डबक्याकडे वळतात.
शंभर मीटरवरून गारळेवाडी म्हणजे
शाळेचा पत्रा, मोबाईलचा टॉवर, विहिरींचे काळे ठिपके
आणि नदीच्या वळणाला पाठ टेकून बसलेलं
एक राखाडी टेकाड.
सातबाऱ्यावर पोटखराबा,
लोकांच्या तोंडी नुसती पांढर.

आम्ही खणत नाही.
परवानगी फक्त बघण्याची आहे.
आठशे बारा फोटो, एकावर एक चढवलेले,
त्यांतून टेकाडाचा चढउतार उभा राहतो.
डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडात
पायथ्याची ज्वारी सांगते
कुठे तिची मुळं दगडाला अडली.
एका रेषेत खुजी राहिलेली ताटं :
बारा पावलं, मग काटकोन, मग पुन्हा सात.
कुणाची तरी पडवी,
हुरड्याला आलेल्या शेतात
हलक्या कणसांनी लिहिलेली.

मग जुनी चित्रं काढली, साठ वर्षांपूर्वीची.
कुठल्याशा परक्या देशाचा उपग्रह
भलताच शत्रू शोधत निघालेला,
वाटेत त्याने आमचा माळही टिपला.
त्यात हेच टेकाड तिप्पट.
मी तेव्हाच्यातून आत्ताचं वजा केलं.
अकरा हजार घनमीटर गाव
कमी भरलं.

नदीने नेलं म्हणावं, तर पूर इतका कधी चढला नाही.
मशीनला शिकवलं : हा रंग म्हणजे पांढर,
असा दिसेल तिथे लाल कर.
वडूजच्या लॉजवर लॅपटॉप रात्रभर तापला.
सकाळी नकाशात टेकाड लाल,
आणि सोबत
जुन्या आळीतली सदतीस छपरं लाल.

चूक, मी म्हटलं.
नमुने बदलले. उंबरठा वर नेला
(आमच्या कामात त्यालाही उंबरठाच म्हणतात).
छपरं लालच राहिली.

हौसाबाई पुकळे शेळ्या वळवत आल्या,
पडद्यात डोकावल्या, आधी स्वतःचं घर शोधलं.
"आवं, मग बराबरच हाय की.
माळवदावर पांढरच टाकत्यात, गळत न्हाई.
माझं लगीन झालं त्या साली
सासऱ्यानं आठ गाड्या आणल्या हुत्या.
फुडं दर दोन सालाला पाटी पाटी वरनं.
गाव कुठं जातंय?
डोस्क्यावर हाय."

शिडीने वर गेले.
एका कोपऱ्यात बोरं वाळत घातलेली,
पन्हाळीपाशी पावसाने उघडी पाडलेली खापरं,
एकाला काळी काठ, आतून गुळगुळीत.
अंगठ्याने माती सारली तर शंखाच्या बांगडीचा तुकडा,
नखाएवढा.
"असलं लई निघतंय," हौसाबाई खालून,
"पोरं खेळत्यात."

वही काढली.
सापडल्याचं ठिकाण : छप्पर.
उंची : जमिनीपासून नऊ फूट.
थर –
इथे पेन थांबलं.
सर्वांत जुना थर सर्वांत वर,
त्याखाली सागाची तुळई, त्याखाली ट्यूबलाइट,
त्याखाली टीव्हीवर कांद्याचे भाव.
आवाज मातीतून गाळून वर येत होता.
शेजारच्या घरावर मात्र नवा स्लॅब पडलेला,
तिथली पांढर रस्त्याकडेला ढिगात,
तिच्यावर एक कोंबडी.
सदतीस नव्हे, छत्तीस.
चित्रं मार्चची होती, हा जानेवारी.

तौफिक ओरडला, मॅडम, वारा सुटला, उतरवू का?
मी हात केला
आणि बांगडीचा तुकडा होता तिथे ठेवून
चवड्यांवर शिडीपर्यंत आले.

"दमानं," हौसाबाई म्हणाल्या,
"कडंची माती भुसभुशीत हाय.
औंदा टाकायची राहून गेली."